चार आकडे

शारजाच्या सनय्यात गुलरेज
टायरच्या कानशिलावरचे चार आकडे
बोट फिरवत वाचून दाखवतो:
आधी आठवडा, मग साल.
"नक्षी काय बघतोस, तारीख बघ.
न धावताही रबर म्हातारं होतं इथे."

जपानी घेतले तर पाच उन्हाळे.
चिनी निम्म्यात; दोन निघतील,
तिसऱ्यात भर हायवेवर फुटतील.

मी मनातल्या मनात मांडतो:
व्हिसा चौदा महिने,
गाडीचे उरलेले हप्ते,
धाकटीची दहावी.

जुना टायर उतरतो.
आतल्या अंगाला बारीक भेगा,
टाचांना पडतात तशा.
"किती वर्षं झाली?"
टायरला की मला,
त्याच्या तोंडाकडे बघून कळत नाही.

"अकरा," म्हणतो मी.
तो हसतो. सुलेमानी मागवतो.

"जपानीच टाक. चारही.
पण वीस दिऱ्हम सोड."