बुडीत रेषा

शस्त्रक्रियेनंतर पाचव्या दिवशी
समोरच्या गच्चीवरची साडी निळी होती.
निळी! मला वाटत होतं, लीलाताई म्हातारपणी
करड्याच साड्या नेसायला लागल्यात.
निळा परत आला होता,
पण दोनदा आला होता,
एक काठ दोरीवर, एक काठ हवेत.

फोनवर जो तो विचारी : आता स्वच्छ दिसतं ना?
हो, म्हणायचे मी.
सगळी भुतं स्वच्छ दिसताहेत.

कोथरूडच्या दवाखान्यात, जिन्याखालच्या खोलीत
रुबीना शेखनं पडद्यावर माझा डोळा उघडला.
"काकू, हा तुमच्या बुबुळाचा नकाशा."
मी खुर्ची पुढे ओढली.
एकतीस वर्षं सिंचन खात्यात आरेखक होते,
मला नकाशा समजावून सांगू नये कुणी.
रेषा विरळ, तिथं मैदान.
रेषा दाटल्या, तिथं चढ.
आणि खाली, जरा कानाच्या बाजूला,
लालभडक टेकडी.
तळजाई, म्हटलं मी. मागून चढलं की अशीच लागते.
ती हसली. तिला वाटलं, गंमत करतेय.

ही टेकडी एकोणिसाव्या वर्षापासून माझी.
एका चंद्राचे पाच होत,
बसच्या पाटीवर आकड्यांवर आकडे चढून बसत.
कडक लेन्स घालून रेषा ओढल्या.
धुळीचा कण गेला की डोळा धरून
टेबलाखाली वाकायचे,
साहेबांना वाटे, रडतेय.
मग साठीनंतर मोतीबिंदू आला
आणि धुक्यात टेकडीसुद्धा दिसेनाशी झाली.

किणीकर डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं,
महिनाभर लेन्स काढून ठेवा, मग मोजू.
मोजलं. तीन यंत्रं, तीन आकडे.
"अशा डोळ्याचा नंबर नेमका बसेल,
असं लिहून देत नाही मी."
मला उलट बरं वाटलं.
आम्हीही लेव्हल घेत घेत निघालो त्या खुणेवर परतायचो,
तर चार मिलिमीटर कुठंतरी हरवलेले असायचे.
शून्य आलंच, तर साहेब म्हणत,
वहीत कुणीतरी खोटं लिहिलंय.
चूक वाटून द्यायची असते,
वाटेतल्या सगळ्या खुणांना, थोडी थोडी.

चष्मा करून पाहिला. चष्म्याला टेकडी कळत नाही.
मग रुबीनानं एक वाटी आणली,
काचेसारखी, रुपयाहून लहान.
"टेकडी कापायची नाही, काकू.
यात सलाइन काठोकाठ भरायचं,
मान खाली घालायची, डोळा बुडवायचा.
उंचसखल सगळं पाण्याखाली जातं. वर सपाटी."

मी तिच्याकडे पाहत राहिले.
हे काम मी केलंय.
धरणाच्या नकाशावर बुडीत रेषा मी ओढली होती,
निळ्या शाईनं, हात न थरथरता,
करंजटेप नावाच्या गावाभोवती.
शाळा, पार, सतरा घरं, मरीआई.
अक्षरं सुबक आली म्हणून
साहेबांनी चहा पाजला होता.

सकाळी टेबलावर टॉवेल, आरसा आडवा.
पहिल्यांदा बुडबुडा. काढा, धुवा, भरा.
दुसऱ्यांदा बुडबुडा.
तिसऱ्यांदा वाटीच घरंगळली कपाटाखाली.
अकराव्या वेळी गार पाणी टेकलं.
दुसरा डोळा मिटून पाहिलं,
आरशात एक बाई होती.
एकच.
हनुवटीवरच्या तिळाला केस आलाय,
हे कुणी सांगितलं नाही मला.

त्या दिवशी कर्वे पुतळ्यापर्यंत चालत गेले,
पाट्या वाचत, सूचनांसकट :
"दुकान विकायचे नाही. चौकशी करू नये."
प्रत्येक अनुस्वार जागच्या जागी.
तारेला लटकलेला पतंगही एकच.

रात्री छोट्या रबरी चोखणीनं वाटी उपटते.
पाणी गालावर ओघळतं.
मे महिन्यात धरण आटतं, तशी
टेकडी वर येते.
समोरच्या जिन्यातल्या दिव्याचे पाच होतात
आणि मी अंथरुणावर पडून
पार कुठं होता, मरीआई कुठं,
ते त्या पाचांत शोधत राहते.