थोडक्यात

गुलाबी कागदावर सातवा रकाना आहे:
'काय घडले ते थोडक्यात लिहा.'
रकाना दोन बोटं रुंद.
मी एन्कांडू, चार नंबर शाफ्टची नोंद-कारकून,
अकरा वर्षं माणसं त्यात बसवत आले आहे,
घडी घालून.

किट्वेच्या बाहेर, जिथे तांब्याच्या धुरानं
आंब्याची झाडं एकाच अंगानं मोहरतात,
तिथे खाणीच्या फाटकावर फळा आहे:
'अपघाताविना दिवस'.
खाली खिळ्यांना टांगलेले पत्र्याचे आकडे.
ते रोज पहाटे बदलायचे, हेही माझंच काम.
तीनशे झाले की प्रत्येकाला
मक्याच्या पिठाचं एक पोतं.
बाजारात बायका मला अडवून विचारायच्या,
आज किती?
दिवस भरत आले होते.

लुबिंडा आला तेव्हा दोनशे एक्क्याऐंशी.
त्याला लिहिता येत नाही असं नाही,
पण त्यानं चित्र काढलं.
आठशे चाळीस मीटरवरचं छत,
छताला भेग, भेगेत घातलेली तीन बोटं,
आणि शेजारी पडलेला दगड, शेळीएवढा.
"मी पाणी प्यायला वळलो," तो म्हणाला, "म्हणून."
म्हणूनच्या पुढे काहीच बोलला नाही.
मी लिहिलं: थोडक्यात बचावला.

सिचिलिमासाहेबांनी कागद दोनदा वाचला.
कोणी मेलं? नाही.
रक्त? नाही.
मग घडलं काय?
आणि ते न घडलेलं
त्यांच्या खणात गेलं,
स्टेपलरच्या पिना आणि खोकल्याच्या गोळ्यांशेजारी.

नवव्या दिवशी तेच छत.
या वेळी लुबिंडाला तहान लागली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसची गाडी त्याच्या दारात गेली,
त्याला उचलून आणून माझ्यासमोर बसवलं,
प्लास्टरमधला पाय खोक्यावर.
हलकं काम, म्हणाले.
माणूस हजर, म्हणजे दिवस बुडाला नाही,
दिवस बुडाला नाही म्हणजे अपघात नाही.
मी पहाटे दोनशे एक्क्याण्णव टांगले होते.
तो पेन्सिलींना टोक करत राहिला.
प्लास्टरबाहेर आलेली बोटं
भाजलेल्या वांग्यासारखी.
चार दिवस काही बोलला नाही.
मग खाली बघतच विचारलं,
"मुकवाई, माझं चित्र कुठंय?"
मी म्हणाले, फाइलला आहे.
त्यानं हातातली पेन्सिल
संपेपर्यंत तासली.

पेटीत शून्यं तीनच होती.
पुरली.

ती साडेदहापर्यंत टिकली.
मग एक पोरगा शिडी घेऊन आला
आणि दोनशे शहाण्णव परत लटकू लागले.
मला जे पत्र मिळालं
त्यात कारणाला अख्खं पान होतं.

पण पहाटेची पाळी त्याखालून गेली होती,
सहाशे माणसं.
कुणी थांबलं नाही. एकानं हेल्मेट काढून
डोकं खाजवलं, परत घातलं.
संध्याकाळी सुकटवालीनं सुटे पैसे
माझ्या हातात न देता फळीवर ठेवले.
तिच्याही घरात पोतं येणार होतं.
मी ते पैसे तिथंच मोजले, उगाच.

गुरुवारी दुसरी पाळी सुटल्यावर
दाराखालून कागद सरकला.
गुलाबी नव्हता. सिमेंटच्या पिशवीचा तुकडा,
त्यावर शिडी, मधली एक पायरी नसलेली.
शुक्रवारी सिगारेटच्या पाकिटावर उसवलेला दोर.
सही कुठेच नाही. एकावर
तेलकट अंगठा, बहुधा चुकून.

शनिवारी म्हातारा कापेम्ब्वा आला, ड्रिलवाला.
दारातच उभा, बुटांना चिखल होता म्हणून.
"तसं झालं काही नाही," म्हणाला,
"थोडक्यात सांगायचं तर..."

मी लुबिंडाची खुर्ची पुढे सरकवली,
कागद उलटा केला.
मागची बाजू कोरी होती.