अंतर अडीच किलोमीटर

शाळेपासून मिठागर अडीच किलोमीटर,
मध्ये हायवे.
त्रेचाळीस मुलं हायवे ओलांडणार म्हणजे
वॉर्ड ऑफिसचं पत्र, चौकीचं पत्र, पालकांच्या सह्या,
आगरमालकाची परवानगी,
आणि आगरमालक कोण, हे कोर्टात ठरायचंय.
घरतबाई म्हणाल्या, पुस्तकातलं चित्र मोठं करून लावा.

म्हणून रविवारी मी एकटीच गेले,
भाच्याचा कॅमेरा उसना घेऊन.
दोन डोळ्यांचा, एक पुढे, एक पाठीला,
चहूकडचं एकदम बघणारा.
बांधावर स्टँड रोवला
आणि मग लक्षात आलं,
याच्यापासून लपायला जागाच नाही.
उभी राहीन तिथे मी धड्यात येणार.
शेवटी मिठाच्या ढिगामागे उकिडवी बसले,
सात मिनिटं, श्वास रोखून,
जसं काही श्वासही चित्रात उमटतो.

एक माणूस फळीनं मीठ ओढत होता.
नाव सोमाभाई.
कॅमेऱ्याकडे बघू का, म्हणाला.
म्हटलं, नका, तुमचं तुम्ही करा.
मग तो इतकं त्याचं-तो करत राहिला
की एकदाही मान वर केली नाही.

चष्मे आम्ही चपलांच्या खोक्यांचे केले,
भिंगं लॅमिंग्टन रोडची, घासाघीस करून.
घरून आलेले फोन अकरा,
दोन तडकलेले,
त्यांतल्या आगराला भेगा.
एकानं बघायचं, दुसऱ्यानं त्याचा शर्ट धरायचा,
कारण बघणारा मागे वळतो
आणि बाकावर आपटतो.
ऐन बांधावर मच्छिंद्रच्या आईचा फोन वाजला.
"बाई, मिठात रेंज आहे!"

बाष्पीभवन मी फळ्यावर लिहिलं होतं.
फळ्याकडे कोण बघतंय.
जुवेरियाला ढिगामागे माझी ओढणी सापडली,
मग कोपर, मग चप्पल.
अख्खा वर्ग मला शोधत राहिला
आणि वाफ्यातल्या पाण्याची वाफ होताना
कुणीच बघितली नाही.
सात मिनिटांत ती तशीही दिसत नाही.

नीलाक्ष मात्र उलटा उभा,
मिठाकडे पाठ, तोंड पश्चिमेला.
अरे, आगर इकडे आहे.
तो हळूच म्हणाला,
बाई, ती निळी टाकी आपली ना?

मी खोकं डोळ्यांना लावलं.
हायवेपलीकडे, दोन टॉवरच्या फटीत,
साबुदाण्याएवढी,
आपलीच.
कॅमेऱ्यानं बघितली होती. मी नाही.

मग एकेक जण मिठाकडे पाठ करायला लागला.
वर्गाच्या खिडक्या मोजल्या,
दिसत नव्हत्या तरी मोजल्या, चार.
आपण आत्ता त्याच्यात आहोत ना, कुणीतरी विचारलं.
कुणीतरी चाचपडत खिडकीशी गेलं
आणि खोक्यासकट
हात हलवला.

पिशवीत पावशेर खडेमीठ होतं, सोमाभाईनं दिलेलं.
चष्मे काढू नका, आ करा.
एकेकाच्या जिभेवर एकेक खडा.
नऊ वर्षांच्या नोकरीत
इतका गप्प वर्ग मी पाहिला नव्हता.
मग कुणीतरी म्हणालं, थू.

आता मुलांना इथून तिथलं घ्यायचंय.
गच्चीची किल्ली दळवीमामांकडे,
मामांची मनधरणी सुरू आहे.
कोण काय बोलणार त्याच्या चिठ्ठ्या झाल्यात.
नियम एकच, जुवेरियाचा:
कुणी लपायचं नाही.
माझ्याकडे बघून म्हणाली.

नोंदवहीत लिहिलं,
क्षेत्रभेट, मिठागर, अंतर अडीच किलोमीटर.
'वाहन' हा रकाना तसाच आहे.
सुटीची घंटा झाली तरी नीलाक्ष दप्तर भरत रेंगाळला.
बाई, ते सोमाभाई
वर का बघत नाहीत?