पदरचं वाक्य

हाउकिलाम्पीची कागदगिरणी बंद झाली त्या आठवड्यात
मी एइनारी पुर्सियाइनेनच्या स्वयंपाकघरात बसले होते.
छत्तीस वर्षं तीन नंबरच्या यंत्रावर काढलेला माणूस.
आमचं वर्तमानपत्र ज्या कागदावर निघायचं
तो याच्या नजरेखालून गेलेला.
टेबलावर रेकॉर्डर, राईचा पाव,
आणि कॉफी, त्याने न विचारता तीनदा ओतलेली.

विचारलं, शेवटची पाळी संपली तेव्हा काय वाटलं?
तो खिडकीबाहेर गोठलेल्या तळ्याकडे बघत राहिला.
मीही बघितलं.
आमच्याकडे दुसऱ्याच्या गप्प बसण्यात
काठी घालून ढवळत नाहीत.
मग म्हणाला,
"आवाज थांबला, आणि कान दुखायला लागले."

ऑफिसात पोचले तर साडेतीनलाच अंधार.
सात जणांच्या जागेत आता दोघी, मी आणि हिल्का.
तासाभराचं बोलणं यंत्राला दिलं,
त्याने चार मिनिटांत उतरवून दिलं.
खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं.
नगरपालिकेच्या तीनशे बारा पानांतून
गिरणीच्या करसवलतीचा आकडा त्यानेच हुडकला होता.
पान दोनशे सहा. उघडून पाहिलं. होता.
दशांशचिन्ह तेवढं एक घर सरकलेलं.

आणि आता, कान दुखायच्या आधी, ही ओळ:
"मालकांनी आम्हाला समोर बसवून फसवलं."

हिल्काने मथळा लावूनही टाकला होता,
पानभर रुंद.
मला ऐकल्याचं आठवेना.
हेडफोन घातला.
फ्रिजची घरघर.
बशीवर कप.
चमचा.
लांब कुठेतरी कुत्रं, एकदाच.
एकेचाळीस सेकंद कुणीही बोललं नव्हतं.

यंत्राला पदर नाही,
तरी त्याने पदरचं घातलं.
शांतता त्याला रिकामी जागा वाटली,
आणि रिकामी जागा भरायची, एवढंच ते शिकलंय.
तसं मलाही शिकवलं होतं, पहिल्याच वर्षी,
रकाना कोरा सोडायचा नाही म्हणून.

हिल्का म्हणाली, "पण खरंच आहे ना ते?
गावात कुणालाही विचार."
तीच तर पंचाईत.
वाक्य खरं होतं.
त्याचं नव्हतं.

सहानंतर तो फोन उचलत नाही.
अठ्ठावीस किलोमीटर पुन्हा,
बर्फ ढकलणाऱ्या गाडीच्या मागे मागे,
तिच्या पिवळ्या दिव्याच्या चालीने.

दारातच त्याने चष्मा शोधला,
ओळीखालून बोट फिरवत वाचलं,
दोनदा.
"मनात आलं असेल," म्हणाला.
"पण बोललो नाही."
आणि दार लोटता लोटता,
"पुढच्या महिन्यात बोलेनही. तेव्हा ये."

आम्ही छापलं: तो एकेचाळीस सेकंद गप्प होता.
मग कान.
तळाशी बारीक अक्षरांत
मुलाखत संगणकाने उतरवली,
बातमीदाराने सगळी पुन्हा ऐकली, चुका तिच्या.
या तीन ओळींपायी
स्केटिंग क्लबचा निकाल उडाला.
दुसऱ्या दिवशी एकच फोन आला,
निकाल का नाही, म्हणून.

कागद आता दुसरीकडून येतो.
पातळ आहे.
एइनारीने अंक उजेडाकडे धरला असेल, सवयीने,
आणि त्याला दिसली असेल
आपल्या गप्प बसण्याच्या आरपार
मागच्या पानावरची
हिवाळी टायरांची जाहिरात.