पिवळी रेघ

सोमवारी लोहाची गोळी. गिळली का, दाखव,
म्हणून मी एकेकाला जीभ बाहेर काढायला लावतो.

मंगळवारी रेघ मारली.
फाटकापासून शंभर यार्ड, सिन्नरच्या उतारावर
डबा संपत आला तसा रंग पातळ होत गेला.
टपरीवाल्याने टपरी चार हात सरकवली
आणि मलाच विचारलं, 'आता बसतंय ना, सर?'

मग शपथ. आरोग्यदूत सहावी ब ची
नागमणी बिटला, आवाज खणखणीत:
'तंबाखूला मी कधीही हात...'
तिथे अडली.
पाठ होतं तिला. मी कागद पुढे केला, तरी
ती आपल्या बोटांकडेच बघत राहिली.

संध्याकाळी मांडीवर सूप.
आई पान कापते, ही जर्दा भरते, दोरा गुंडाळते;
हजारातल्या साठ-सत्तर विड्या छाटीत जातात.
तिची वही तपासताना मला शिंका येतात.

हात धुण्याच्या सात पायऱ्या मीच शिकवल्या.
सातही केल्या तिने नळावर, दोनदा,
आणि मग तळवा नाकाशी नेला.

अहवालात रकाना आहे: शपथ घेतली, होय की नाही.
पेन उघडून बसलोय.
काल मोजायचं सुचलं नव्हतं,
आज पावलांनी मोजलं.
तिचं घर
रेघेच्या आत येतं.