फुली

अग्निशमन केंद्राच्या अंगणात घडीचं टेबल.
तीन पाय त्याचे, चौथा विटांचा.
सोमवारपासून हीच निवडणूक कचेरी.
खरी तळघरात होती. तिथून आम्ही
फुगून पावासारख्या झालेल्या याद्या फावड्याने काढल्या.
याद्यांची प्रत राजधानीत आहे.
माणसांची नाही.

नाव नोंदवायची मुदत शुक्रवारी पाचला संपते.
वाढवा म्हणून कळवलंय.
वाढेल म्हणतात.
म्हणतात.

ओडेल प्रेस्नेल आला तो खेचरावरून,
कारण डोंगरातला रस्ता नदीने सोबत नेला.
मागे नात, कीझाया.
पुराच्या बुधवारी तिला अठरा पूर्ण झाली,
चर्चच्या हॉलमध्ये, दुसऱ्याच कुणाच्या स्वेटरमध्ये.

तिची पहिली नोंद, त्याची बदललेली.
दोघांचीही पेन्सिल पत्त्यापाशी अडली.

"खाली चौकट आहे," मी म्हटलं,
"पत्ता नसेल त्यांच्यासाठी. नकाशा काढायचा.
जवळचा रस्ता, शाळा, दुकान दाखवायचं,
आणि राहता तिथे फुली."

म्हाताऱ्याने आधी नदी काढली.
पाहिली. खोडली. ती जुनी होती.
नवी काढली, जरा रागानेच, कागद फाटेल इतकी.
"इथे चर्च," म्हणाला. मग, "इथे पूल,"
आणि पेन्सिल उचलून धरली,
जसा पाय हवेत राहतो
पायरी आहे समजून टाकलेला.

"घर शाबूत आहे हो," म्हणाला.
"पडदेसुद्धा. फक्त दोन मैल खाली,
ट्रिप्लेटांच्या मक्यात उभं आहे.
दारावर जवानांनी केशरी फुली मारलीय.
वरच्या कोनात तारीख, खालच्यात शून्य.
शून्य म्हणजे आत कुणी नव्हतं."
थांबला.
"वर्नाच्या दारावर दोन आहे."

खेचराने तेवढ्यात एक कोरा अर्ज ओढून खाल्ला.
कुणी हसलं नाही. मग कीझाया हसली.

आता पेच असा:
जमीन पाचव्या केंद्रात, घर आठव्या केंद्रात,
माणूस चर्चमधल्या खाटेवर, जे तिसऱ्यात येतं.
"बाई, मी राहतो कुठे? तूच सांग."

मी नियमांचं पुस्तक उघडलं. पानं चिकटलेली.
त्यात लिहिलंय: जिथे परतायचा इरादा आहे, ते घर.
म्हणून विचारावंच लागलं,
"परतणार आहात का, ओडेल?"

विमेवाल्याने त्याला खोल्या विचारल्या होत्या,
छावणीतल्या पोरीने औषधं,
पाद्रीबाबांनी झोप लागते का.
हे कुणी विचारलं नव्हतं.
तो खेचराच्या कानांकडे बघत राहिला.
मागे रांग होती. रांगही बघत राहिली.

माझ्या पायाशी खोका आहे.
परत आलेलं टपाल, दोनशे चौदा पाकिटं,
प्रत्येकावर शिक्का: पत्ता सापडत नाही.
सकाळी वरून फोन होता,
ही नावं वेगळी काढ, फुली मारून ठेव,
पुढे वगळायला सोपं.
मी म्हटलं, पेन्सिल एकच आहे
आणि ती लोकांच्या हातात आहे.
हे मी फारसं धीटपणे म्हटलं नाही.
जनरेटरचा आवाज होता, त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

शेवटी कीझायाने पेन्सिल घेतली.
आपल्या नकाशावर फुली केली,
मग आजोबांकडे पाहिलं, आणि त्यांच्याही,
वळणाच्या आतल्या अंगाला, जिथे त्यांची विहीर होती.
फुली थोडी पाण्यातच पडली.

"नदी सरकेल," ती म्हणाली.
म्हातारा काही बोलला नाही.
खाली सही केली, पूर्ण नाव,
मधल्या नावासकट, जे मला आजवर ठाऊक नव्हतं.

मी शिक्का मारला. चार वाजून दहा, गुरुवार.
शाई ओली होती, म्हणून अर्ज विटेखाली ठेवला,
तर टेबल कललं.
रांगेतल्या पुढच्या माणसाने
न सांगता कोपरा धरला.
दुसऱ्या हातात त्याच्या पिठाच्या पिशवीचा तुकडा,
त्यावर घरूनच, म्हणजे तंबूतूनच,
काढून आणलेला नकाशा.