कर्मणी प्रयोग

रात्रीचे पावणेदोन. कूलरची मोटर
पाणी ओढते आहे की नुसती हवा, कळत नाही.
मे महिन्यात नागपुरातून शोधनिबंध पाठवू नये,
असं ढबाले सर म्हणायचे,
खोली इतकी तापते की स्वल्पविराम वितळतात.

सहा हजार नऊशे शब्दांचे पाच हजार करायचेत.
आधी विशेषणं गेली. मग "कदाचित" गेला,
दोनदा गेला, एकदा परत घेतला.
मग ते वाक्य, मला फार आवडायचं ते,
शंखाच्या कडेवर दुष्काळाची रेघ उमटते असं काहीसं.
त्याला आकडा नव्हता.

आकृती तीन: ठिपके धूसर.
पुन्हा काढली. ठिपके स्पष्ट, अक्षावरचं एकक गायब.
संदर्भ एकेचाळीसमध्ये वर्ष कंसात,
बेचाळीसमध्ये कंसाबाहेर.
सात वर्षं गोगलगायी मोजल्या,
आता कंस मोजते आहे.

स्टाफरूममध्ये हसायचे:
गोगलगाय अन् पोटात पाय,
मॅडमच्या डोक्यात चाललंय काय!

गिट्टीखदानच्या पलीकडचा तलाव.
दर दुसऱ्या मंगळवारी.
सगळं शहर मारबतीमागे रस्त्यावर होतं
त्या दिवशीसुद्धा आम्ही दोघं तिथेच,
मी काठावर वही धरून,
आणि मांडीभर गाळात डोमाजी मौंदेकर.

तिसऱ्या वर्षी ते म्हणाले होते,
"यंदा शिपली कच्ची आहे जी.
चिमटीत धरली का दबते."
मी लिहिलं: निरीक्षण, अनौपचारिक.
पुढची चार वर्षं
ते औपचारिक करण्यात गेली.

आणि आता, पद्धतींच्या भागात, ओळ एकशे बारा:
नमुने गोळा करण्यात आले.

सातवीत मोहोड बाई शिकवायच्या,
अशा प्रयोगात कर्ता गाळला
तरी वाक्य पडत नाही.
गाळला.
तीस वर्षांनी हा शब्द नीट ऐकू आला.

सकाळी त्यांच्या दारात गेले.
ते जाळ्याची गाठ दाताने ओढत होते.
म्हटलं, तुमचं नाव घालायचं आहे, लेखक म्हणून.
"माहं नाव कायले? मी काय लिवलं?"
मग जरा थांबून,
"यात चूक निघाली तर मलेही धरतील का?"
धरतील, मी म्हणाले.
"मंग टाका. पण आधी वाचून दाखवा."

ओसरीवर बसून मी सारांश मराठीत सांगत गेले.
शब्द सुचेना तिथे हातवारे केले.
दुसऱ्या मिनिटाला त्यांनी हात वर केला.
"उत्तरेच्या काठावर दुसऱ्या साली
आपण गेलोच कुठी? दोर तुटला होता.
ते आकडे आणले कुठून जी?"

कुठून आणले होते?
शेजारच्या दोन वर्षांची सरासरी,
ढबाले सरांची सूचना,
"तात्पुरती" असं पेन्सिलीने लिहिलेली,
मग टंकलेली, मग पेन्सिल गेलेली.

त्या रात्री आकृती तीन पुन्हा काढली.
एका ठिपक्याच्या जागी मोकळी जागा,
खाली बारीक अक्षरात, का ते.
निष्कर्ष जरासा मऊ झाला. "कदाचित" परत आला.

अर्जातला रकाना, तांबडी चांदणी: ईमेल.
नात त्रिवेणीने तो उभ्या उभ्या काढून दिला.
पुढची चांदणी: संस्था.
मी अडखळले. डोमाजी नाही.
"हाये ना. मच्छीमार सहकारी संस्था.
नोंदणी झालेली आहे."

ओळ एकशे बारा आता अशी:
नमुने डो. मौं. यांनी गोळा केले.
संपादक बहुधा कापतील.

पहाटे चार वाजता बटण दाबलं.
कूलर कोरडाच घरघरत होता.
लगेच उत्तर आलं:
आपले हस्तलिखित प्राप्त झाले आहे.

कोणाला, ते लिहिलेलं नाही.